रंगीत काचेच्या जुन्या दिव्यावरचे रंगाचे थर कसे काढावेत? (धंतोली, नागपूर)

मधुरा_धंतोली

नमस्कार मंडळी. आमच्या आजोळचं धंतोलीतलं घर आता बिल्डरकडे जातंय. सामानाची वाटणी झाली, त्यात कुणालाच नको होता म्हणून दिवाणखान्यातला लटकता दिवा माझ्याकडे आला. षटकोनी आहे, वर निमुळता, खाली उघडा, उंची दीडेक फूट. मला कळतं तेव्हापासून तो पांढराच, त्यामुळे पत्र्याचा असेल असंच सगळे धरून चाललो होतो. खाली उतरवला तेव्हा एका कडेचा पापुद्रा उडालेला दिसला आणि आत चक्क हिरवी काच. आतून टॉर्च लावला तर आणखी दोन ठिकाणी पिवळं-लालसर काहीतरी दिसतंय. मामाच्या म्हणण्याप्रमाणे दिवाळीआधी छताला रंग लागायचा तेव्हा रंगारी याच्यावरही ब्रश फिरवून मोकळा व्हायचा. काढायला नको, पुन्हा लावायला नको.

रंग फक्त बाहेरून आहे, आतून काजळी आणि धूळ. काचा जोडणाऱ्या पट्ट्याही रंगाखाली गेल्यात. घरी हीट गन आहे, ती चालेल का? की पेंट रिमूव्हर आणू? नागपुरात हे काम कुणी करून देतं का? फोटो जोडलेत.

वऱ्हाडी_ठेचा

काहून इतका इचार करून राहिल्या ताई? हीट गन लावा, रंग फुगून वर येते, पट्टीनं खरडा, झालं. मी आमच्या खिडकीच्या गजाचा असाच काढला.

काचकाम

ठेचाभाऊ, गज लोखंडाचा होता. इथे काच आहे आणि ती शिशाने धरलेली आहे.

मधुराताई, हीट गन माळ्यावर ठेवून द्या. या कामात जे सोल्डर वापरतात ते कथील आणि शिशाचं असतं, १९० अंशांच्या आसपास ते पातळ होतं. हीट गनचं तोंड सहज ३०० च्या वर जातं. रंग सुटायच्या आधी सांधा सुटेल. काच एका जागी तापली आणि शेजारी गार राहिली की तडकणार ते वेगळंच. आणि जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता भरपूर, ते तापवून त्याचा धूर कशाला घ्यायचा?

आधी मला हे सांगा. पट्ट्या सपाट, सारख्या रुंदीच्या आहेत की गोलसर, कुठे जाड कुठे बारीक? सपाट असतील तर ती शिशाची खाचेची पट्टी, म्हणजे दोन्ही बाजूंनी काच आत शिरते ती. गोलसर असतील तर तांब्याची पातळ चिकटपट्टी काचेच्या कडेला लावून वर सोल्डर ओढलेलं असतं. टिफनी पद्धत म्हणतात ती हीच. दुसरं, हलक्या हाताने बोटाने दाबलं तर काचा खुळखुळतात का? तिसरं आणि सगळ्यांत महत्त्वाचं, आतून बघून सांगा: काच स्वतःच रंगीत आहे की साध्या काचेवर कुणी चित्र रंगवलंय?

खटपट्या

कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा. आमच्याकडे जुन्या दारांच्या बिजागऱ्या, कड्या अशाच साफ करतात. सकाळी रंग आपोआप तळाशी. खर्च नाही.

रंगारी_जुना

खटपट्या, सकाळी दिवाही तळाशीच असेल.

इतवारीत पेंटच्या दुकानात काउंटरच्या मागे माझं आयुष्य गेलं, म्हणून लिहितो. कॉस्टिक लोखंडाच्या बिजागरीला चालतो. शिसं, कथील, जस्त, ॲल्युमिनियम हे सगळे धातू तो खातो. खाचेत जी लांबी भरलेली असते, जवसाचं तेल आणि खडूची, ती तर तासाभरात ढिली करेल. काचेचीही चकाकी जाते जास्त वेळ राहिला तर. कोणतीही वस्तू अख्खी बुडवायची नाही, साध्या पाण्यातसुद्धा नाही, हे धरून चाला.

आता रंगाबद्दल. लोक दुकानात येऊन विचारतात, "रंग काढायचं औषध द्या." अहो, कोणता रंग? आपल्याकडच्या जुन्या घरांत छताला आधी चुना किंवा डिस्टेंपर असायचं, मग कधीतरी हौसेने ऑइल पेंट, आणि अलीकडे इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळायचा प्लास्टिक पेंट. प्रत्येकाला वेगळं औषध लागतं. घरीच ओळखा:

ओलं बोट घासलं आणि बोटाला पीठ लागलं तर डिस्टेंपर. कापसावर सर्जिकल स्पिरिट घेऊन मिनिटभर घासलं आणि रंग चिकट होऊन कापसावर आला तर इमल्शन. दोन्हीने काही झालं नाही, चकाकी तशीच, तर ऑइल पेंट. उडालेल्या पापुद्र्याची कड भिंगातून पाहा, थर मोजता येतील. वरचा थर कोणता यापेक्षा काचेला टेकलेला थर कोणता हे बघा. सगळी गंमत तिथे आहे.

टर्पेंटाइन आणू नका. वाळलेल्या रंगाला ते काही करत नाही, नुसता वास. थिनरही जुन्या ऑइल पेंटपुढे हात टेकतो, आणि पेट घेतो ते निराळं.

सिव्हिल_लाईन्स

माझं वेगळं मत. रंग काढूच नये. त्या घरात तो जसा होता तसा राहू द्या, थर हीच त्या घराची नोंद आहे. नाहीतर जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला दाखवा. घासून नवीन केलेल्या वस्तूची किंमत उतरते हे सगळेच व्यापारी सांगतात.

रंगारी_जुना

ते पितळी समईचं झालं. इथे छताला मारलेला रंग ब्रश लागला म्हणून काचेवर आला. त्यात जपण्यासारखं काय आहे? दिव्यातून उजेड बाहेर यावा एवढं तरी मान्य करा.

सिव्हिल_लाईन्स

धातूवरची काळसर झाक तरी ठेवा. ती घासून चांदीसारखी करायचा मोह होतो लोकांना.

काचकाम

याला +१. पट्ट्यांवरची काळपट झाक मुद्दाम दिलेलीही असते. पितांबरी, चिंच, लिंबू, व्हिनेगर यातलं काही म्हणता काही त्या पट्ट्यांना लावू नका. आंबटाने शिसं खराब होतं, पांढरी भुकटी धरते आणि ती विषारी असते. काचेवर चुन्याचे डाग असले तरी तिथे आंबट नको, लाकडी काडीने निघतात.

मधुरा_धंतोली

सगळ्यांचे आभार. भिंग, टॉर्च आणि कापूस घेऊन बसले. निकाल असा:

पट्ट्या सपाट आहेत, म्हणजे शिशाच्या. एका बाजूची एक काच किंचित हलते, बाकी घट्ट. एका काचेला वरच्या कोपऱ्यात बारीक तडा आहे, तो जुनाच असावा, त्यात रंग शिरलाय.

पापुद्र्याची कड पाहिली. वर पांढरं, मऊ. स्पिरिटने कापसावर आलं. त्याखाली पिवळट, कडक, चकचकीत. त्याला काहीच झालं नाही. आणि काचेला टेकून एक फिकट निळा, खडूसारखा थर. ओल्या बोटाने तो लगेच पुसला गेला! म्हणजे रंगारीकाका, खाली डिस्टेंपर आहे ना?

काचा मोठ्या आहेत त्या मुळातच रंगीत वाटतात. पण वरच्या निमुळत्या भागातल्या लहान काचांवर तपकिरी रेघांनी पानं काढलीत. ती आतून दिसतात. बाहेरच्या बाजूने काढलीत की आतून ते कळत नाही.

रंगारी_जुना

फिकट निळं म्हणजे छताचं डिस्टेंपरच, आमच्या काळात घरोघरी. तुमचं नशीब जोरावर आहे. डिस्टेंपर म्हणजे खडूची भुकटी आणि सरस. सरस कोमट पाण्याने सुटतो. पाया सुटला की वरचे दोन थर कितीही कडक असोत, त्यांना धरायला काही उरत नाही. औषध वरून लावत बसू नका, कडेने पाणी आत शिरू द्या.

काचकाम

बरोबर. पण पाणी ओतायचं नाही. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, त्यात जुना सुती कपडा भिजवून घट्ट पिळायचा, एकाच काचेवर ठेवायचा, वरून पॉलिथिन. नागपूरच्या उन्हाळ्यात उघडा ठेवलात तर तो पाचव्या मिनिटाला कोरडा. मग कडेला लाकडी काडी किंवा बांबूची स्क्युअर घालून हळूच उचलायचं. काच अगदी सपाट, गुळगुळीत असेल तरच ब्लेड, तेही काच ओली असताना, आडवं धरून, आणि पट्टीपासून लांब. दाणेदार किंवा लाटालाटांच्या काचेवर ब्लेड चालवलंत तर चरे कायमचे. दिवा उशीवर किंवा घडी घातलेल्या गोधडीवर आडवा ठेवा, खालच्या बाजूला पूर्ण आधार हवा. जी काच हलते ती सर्वांत शेवटी, आणि तिथे कपडा ठेवू नका, कापसाच्या बोळ्यानेच करा.

पानांच्या रेघांचं वेगळं. काचेवर रंगवायच्या दोन तऱ्हा. एकीत काचेची पूड आणि धातूच्या ऑक्साइडची भुकटी मिसळून रेघा ओढतात आणि काच भट्टीत घालतात. ती रेघ काचेचाच भाग होते, पाणी-स्पिरिटने जात नाही, फक्त खरवडल्याने जाते. दुसरी तऱ्हा म्हणजे साध्या रंगाने वरून काढलेली, भट्टी नाही. ती छताच्या रंगाबरोबरच निघून येईल आणि तुम्हाला कळणारही नाही. एका रेघेच्या टोकाला, रेघ ज्या बाजूला असेल तिथून, आधी पाण्याचा आणि मग स्पिरिटचा कापूस अगदी टेकवून बघा. कापसावर तपकिरी आलं की थांबा.

फेज_न्यूट्रल

मंडळी रंगात गुंतलीत, कुणी वायरबद्दल बोललंच नाही. ताई, होल्डर आणि वायर काढून मगच ओला कपडा लावा. जुन्या दिव्यातली वायर रबर आणि सुती वेष्टणाची असते, हात लावला की तिचा चुरा होतो. ती जशीच्या तशी परत जोडू नका, फेकून द्या. फोटोत होल्डर पितळी दिसतोय, तो तपासून वापरता येईल.

मधुरा_धंतोली

वायर आधीच कापलेली होती, होल्डर काढून ठेवला. रविवारी सकाळी गच्चीच्या जिन्यात सावलीत बसून सुरुवात केली.

रंगारीकाका, तुम्ही म्हणालात तसंच झालं. कपडा उचलला, कडेने काडी घातली आणि पांढरं-पिवळं-निळं सगळं एकत्र, दुधावरच्या सायीसारखं सुटून आलं. एका काचेवरचा तर अख्खा तुकडा हातात आला, मागची बाजू निळी, त्यावर काचेच्या लाटा उमटलेल्या. खाली मोठ्या काचा हिरव्या, मधाच्या रंगाच्या आणि एक गडद निळी.

पानांची चाचणी केली. पाण्याने काही नाही, स्पिरिटने कापसावर लगेच तपकिरी. म्हणजे भट्टीतलं नाही. रेघा बाहेरच्या बाजूला आहेत, छताच्या रंगाच्या थेट खाली. आता?

आणि पट्ट्यांवरचा रंग तसाच आहे. तिथे डिस्टेंपर नाहीच, पिवळं ऑइल थेट शिशावर चिकटलंय.

काचकाम

पानांच्या भागात स्पिरिट, रिमूव्हर, ब्लेड सगळं बंद. जवळजवळ कोरडा, नुसता दमट कापूस, रेघांच्या मधल्या मोकळ्या जागेतच. काडीने जेवढं उचललं जाईल तेवढं. रेघेवरचा पापुद्रा सुटताना रेघ सोबत घेऊन यायला लागला तर तो तिथेच राहू द्या. पानाभोवती थोडा पांढरा राहिला तर काही बिघडत नाही. पान गेलं तर परत काढणारा तो हात नाही.

खटपट्या

पट्ट्यांसाठी तरी रिमूव्हर सांगा. बाजारात डबा मिळतो, लावला की पाच मिनिटांत रंग सुरकुततो.

रंगारी_जुना

मिळतो आणि सुरकुततोही. त्यातला जोर मिथिलीन क्लोराइडचा असतो. ते ४० अंशांनाच उकळतं. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवर किती असतं ते तुम्हीच सांगा. लावलेलं औषध काम करायच्या आत उडून जातं, डब्याचं झाकण उघडताना फवारा तोंडावर येतो, आणि बंद खोलीत बसलात तर तो वायू चक्कर आणतो. शरीरात गेल्यावर त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो, हृदयाचा त्रास असणाऱ्याने जवळही जाऊ नये. अमेरिकेत २०१९ साली घरगुती रंग काढण्यासाठी त्याच्या विक्रीवर बंदी आली. साधे रबरी हातमोजेही ते काही मिनिटांत पार करतं.

कूलरसमोर बसून करतो म्हणणारे भेटतात. कूलर वाफ खोलीभर फिरवतो, बाहेर काढत नाही.

लागलंच तर बेंझिल अल्कोहोलवाला जेल घ्या, लेबल वाचून. सावकाश काम करतो, तासन्‌तास घेतो, पण आपल्याला कुठे घाई आहे? बारीक ब्रशने फक्त पट्टीवर, पानांपासून दूर. वरून पॉलिथिन. मग लाकडी काडीने काढून, ओल्या कापसाने पुसून घ्यायचं. औषध खाचेत झिरपू देऊ नका.

विद्या_काकू

मधुरा, मी रसायनातली नाही पण एक विचारते. घरात लहान मूल आहे ना? वर काचकाम यांनी जुन्या रंगात शिसं असू शकतं असं लिहिलंय. तो चुरा कुठे जातोय?

काचकाम

काकू, हा प्रश्न पहिल्याच प्रतिसादात यायला हवा होता. भारतात घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) ठरवणारे नियम २०१६ चे, ते लागू झाले नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीचा कोणताही ऑइल पेंट, त्यातही पिवळा, संशयितच समजायचा. म्हणून सँडपेपर अजिबात नाही, कोरडं खरवडणं नाही. सगळं ओलं ठेवूनच. खाली वर्तमानपत्र, तेही ओलसर. चुरा त्यातच गुंडाळून पिशवीत बांधायचा, कोरडा झाडू मारायचा नाही, फरशी ओल्या फडक्याने पुसून ते फडकंही टाकायचं. मोरीत ओतायचं नाही. हात साबणाने धुतल्याशिवाय चहासुद्धा नाही. मूल त्या जिन्यात फिरकू नये.

मधुरा_धंतोली

काकू, लेक आजीकडे पाठवली होती आणि सगळं ओलंच केलं. पिशवी बांधून घातक कचऱ्याची म्हणून वेगळी ठेवलीय, घंटागाडीच्या ओल्या-सुक्यात टाकलेली नाही.

वऱ्हाडी_ठेचा

मी माहा गज कोरडाच खरडला होता बाप्पा. आता नका सांगू.

बाकी ताई, फोटो पाहून डोये दिपले. मधाच्या रंगाची काच लय भारी.

मधुरा_धंतोली

जेल मागवला, पट्ट्यांवर केलं. पिवळा थर मऊ होऊन चिखलासारखा निघाला, काही ठिकाणी दुसऱ्यांदा लावावा लागला. खाली शिसं करडं-काळं आहे, ते तसंच ठेवलं. पानांपैकी बहुतेक शाबूत आहेत, दोन-तीन ठिकाणी कडेला पांढरं राहू दिलं. मामाने फोटो पाहून विचारलं, "हा आपलाच दिवा?"

उरलेले प्रश्न: तडा गेलेल्या काचेचं काय, हलणाऱ्या काचेचं काय, आणि बल्ब कोणता लावू?

काचकाम

तडा स्थिर असेल तर काच बदलू नका, तशी काच आता मिळणार नाही. तड्यात पातळ पारदर्शक इपॉक्सीचा थेंब सोडला की केशाकर्षणाने आत जातो. आधी आतला रंग सुईच्या टोकाने काढा. हलणाऱ्या काचेच्या खाचेत लांबी भरायची: खडूची पूड आणि जवसाचं तेल, कणकेइतकी घट्ट, थोडी काजळी घालून करडी केली की उठून दिसत नाही. अंगठ्याने खाचेत दाबा, जादाची काडीने काढा, आठवडाभर दिवा आडवाच ठेवा. तेल लागलेला चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकून देऊ नका, तो आपोआप पेट घेऊ शकतो. पसरून वाळवा. पुढे साफसफाईला अमोनियावाला ग्लास क्लिनर नको, दमट कपडा पुरे.

फेज_न्यूट्रल

बल्ब एलईडी, ७ ते ९ वॉट, वॉर्म व्हाइट, २७०० किंवा ३००० केल्विनचा. पांढरा लावलात तर मधाच्या रंगाची काच फिकी पडेल. जुना ६० वॉटचा पिवळा बल्ब अजिबात नको, त्याच्या उष्णतेने लांबी सुकून भुगा होते. तुमची ती काच बहुधा त्यानेच ढिली झालीय.

चौकट धातूची आहे म्हणून तीन तारांची वायर घ्या आणि अर्थिंग चौकटीला जोडा. वजन वायरवर किंवा शिशाच्या पट्टीवर येऊ द्यायचं नाही. वरच्या पितळी कडीतून साखळी, साखळी छताच्या हुकाला, वायर साखळीतून ढिली. फ्लॅटच्या स्लॅबमध्ये पंख्याचा हुक रिकामा असेल तर उत्तम, पीओपीच्या छताला टांगू नका.

मधुरा_धंतोली

पंख्याचा एक हुक आहे जेवणाच्या टेबलावर. तिथेच लावते. सगळ्यांचे खूप खूप आभार, काचकाम आणि रंगारीकाकांचे विशेष. नागपुरात करून देणारं कुणी सापडलं नाही, पण आता गरजही नाही.

सिव्हिल_लाईन्स

लावल्यावर संध्याकाळचा फोटो टाका. आणि मी आधी जे लिहिलं होतं ते काचेपुरतं मागे घेतो, धातूपुरतं नाही.

महालचा_वाडा

धागा वाचून विचारतोय. आमच्या महालातल्या वाड्यात दारांच्या वर अर्धगोल रंगीत काचा आहेत, लाकडी चौकटीत. त्यावरही असाच ऑइल पेंट. हीच पद्धत चालेल का?

रंगारी_जुना

लाकडात ओला कपडा ठेवलात तर चौकट फुगेल आणि काचेवर दाब येईल. तिथे शिशाच्या पट्ट्या नाहीत, पण लाकडाचा रंग, खिळे, लांबी सगळंच वेगळं. आधी ओलं बोट आणि स्पिरिटचा कापूस लावून कोणता रंग आहे ते बघा, काचा आत-बाहेरून कोणत्या बाजूने बसवल्यात त्याचे जवळून फोटो काढा आणि नवीन धागा काढा. तोवर रंगाऱ्याला त्या खोलीत पाठवू नका.